चाकांपासून वर

तू लहान आगगाडीच्या डब्यांचं ते खोकं टेबलावर ठेवलंस आणि पहिलाच प्रश्न रंगाचा विचारलास. गेरूसारखा लाल कुठं मिळेल, पट्टा ब्रशनं ओढायचा की फवाऱ्यानं. बेटा, रंगाला अजून दोन महिने आहेत. आगगाडीचा डबा खरा असो की वीतभराचा, तो चाकांपासून वर चढत जातो. मी चाळीस वर्षं आपल्या शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात घड्याळं उघडली आणि मिटली. तिथंही गिऱ्हाईक आधी काच चकचकीत करून मागायचं आणि मी आधी आतली चक्रं पाहायचो. तीच सवय या डब्यांच्या कामातही लागली. आता भिंग लावूनही मला बारीक आटे दिसत नाहीत, म्हणून हाताला जे माहीत आहे ते तुझ्या कानात घालतो.

कालपासून मी ते खोकं चारदा उघडून पाहिलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून तू चांगलं उचललंस. एका डब्याचं छत उन्हानं वाकलंय, दुसऱ्याच्या खिडक्यांवर डिंकाचे ओघळ आहेत, तिसऱ्याला एकच बोगी आहे, आणि चौथ्याचे भाग अजून साच्यातल्या प्लॅस्टिकच्या काड्यांना तसेच चिकटलेले आहेत. तो कुणी बांधलाच नाही. यावरून एक शब्द नीट करून घे. आपल्याकडे लोक सगळ्या डब्यालाच बोगी म्हणतात. बोगी म्हणजे डब्याखालचा चार चाकांचा गाडा, एका डब्याला असे दोन. रेल्वेच्या कारखान्यातली माणसं त्याला ट्रॉलीही म्हणतात. किटच्या कागदावर बोगी लिहिलं असेल तर ते या गाड्याबद्दल आहे.

तिसऱ्या डब्याचं छत मी पातळ पात्यानं हळूच उचललं, तेव्हा आतून पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं: १२-१०-७८, आणि खाली एक आद्याक्षर. कुणीतरी त्या दिवशी हे छत बसवलंय. तो भाग धुवायचा नाही, घासायचा नाही, रंगवायचा नाही. त्या माणसानं काही ठिकाणी डिंक जास्त लावलाय, पण खिडक्यांच्या चौकटी एका रेषेत ठेवल्यात आणि दारांच्या मुठी तारेच्या केल्यात, त्या साच्यातल्या नाहीत. अशा मुठी काढून नव्या लावण्याचा मोह होईल. लावू नकोस. जे तुटलंय ते दुरुस्त कर, जे नुसतं जुनं आहे ते राहू दे.

पहिला आठवडा हत्यार हातात घ्यायचंच नाही. प्रत्येक डब्याचे चारी बाजूंनी आणि खालून फोटो काढ. सुटलेला प्रत्येक तुकडा औषधाच्या रिकाम्या डबीत ठेव आणि झाकणावर डब्याचा क्रमांक लिही. घड्याळाचा स्क्रू जमिनीवर पडला की मी खोली झाडायचो नाही, ओल्या फडक्यानं टिपायचो. इथंही तसंच. बफरचं टोक फरशीवर पडलं आणि केरसुणी फिरली की ते गेलं. टेबलावर फिकट रंगाची चादर अंथर, म्हणजे पडलेला तुकडा उडत नाही आणि दिसतो.

मग माप. तुझ्या खोक्यातले तीन डबे एचओचे आहेत, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. एक ओओचा आहे, तो ७६.२ पट लहान. पटकन कळत नाही, कारण दोघेही एकाच रुळांवर धावतात, रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. पण एका गाडीत जोडलेस की ओओचा डबा बाकीच्यांपेक्षा उंच दिसेल आणि पाहणाऱ्याला काय चुकलंय ते न कळता खटकत राहील. स्टीलची पट्टी घे आणि भागाकार स्वतः कर. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीनं, म्हणजे आयसीएफनं, १९५५ पासून जे डबे बांधले, ज्यातून तू लहानपणी मुंबईला जायचीस, त्यांची पेटी २१,३३७ मिलिमीटर लांब आणि ३,२४५ रुंद. ८७ नं भागलं की २४५ आणि ३७. ओओत तोच डबा २८० मिलिमीटर होतो. आताचे एलएचबी डबे २३,५४० मिलिमीटरचे, म्हणजे एचओत २७१ च्या आसपास. जुन्या डब्यांचं नियमित उत्पादन २०१८ च्या जानेवारीत थांबलं. फलाटावर आज जे दिसतं ते आणि तुझ्या आठवणीत जे आहे ते, ही दोन वेगळी मापं आहेत हे धरून चाल.

रुळांचं मात्र जमत नाही. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलास तर १९.२६ यायला हवं, आणि तयार रूळ साडेसोळाचे. जवळजवळ तीन मिलिमीटरची तूट. रूळ आणि इंजिनं त्याच मापात मिळतात म्हणून ही तडजोड करावी लागते. मी सुरुवातीला यावर फार जीव जाळला. नंतर बोगीच्या बाजूच्या पट्ट्या खऱ्या अंतरावर ठेवायला शिकलो आणि चाकं आत राहू दिली. गाडी आपण फलाटावरून पाहतो, बाजूनं. बाजूनं हिशेब बरोबर येतो.

आता धुणं. कोमट पाणी आणि भांड्याचा साबण, मऊ दातांचा जुना ब्रश. कोमट म्हणजे बोट बुडवून ठेवता येईल इतकंच, उकळत्या पाण्यानं हे प्लॅस्टिक वेडंवाकडं होतं. जुना रंग काढायचा तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, औषधाच्या घाऊक दुकानात मिळतं. झाकणाच्या डब्यात भाग बुडवून ठेव, तासातासानं बघ, रंग सुटायला लागला की ब्रशनं काढ. हातात मोजे घाल, खिडकी उघडी ठेव आणि खोलीत देवाचा दिवासुद्धा लावू नकोस. याची वाफ पेटते. मोटारवाले ब्रेक ऑइल सांगतात. त्यानं रंग निघतो, पण काही प्लॅस्टिक ठिसूळ होतात, म्हणून मी वापरत नाही. नेलपॉलिश काढायचं पाणी तर लांबच ठेव. त्यात बहुतेक वेळा अ‍ॅसिटोन असतं आणि पॉलिस्टायरीन त्यात साखरेसारखं विरघळतं. कुठलंही द्रव आधी डब्याच्या फरशीच्या खालच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लाव आणि रात्र जाऊ दे.

जुना सांधा उघडायचा असेल तर जोर लावू नकोस, थंडी लाव. डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव. झटपट चिकटणारा डिंक थंडीनं ठिसूळ होतो आणि सकाळी पातं सरकवलं की टिक् आवाज होऊन सुटतो. पण ट्यूबमधल्या किंवा द्रव प्लॅस्टिक सिमेंटनं जोडलेलं असेल तर ते सुटणार नाही, कारण तिथं डिंक उरलेलाच नसतो, दोन भाग वितळून एक झालेले असतात. तिथं करवतीच्या बारीक पात्यानं रेषेवरूनच कापावं लागतं. कापायला नको वाटलं तर उघडूच नकोस.

पत्र्याच्या जुन्या डब्यांबद्दल एक गोष्ट सांगतो. दुकानात एका वृद्ध गृहस्थांनी महायुद्धाआधीचा हॉर्नबीचा पत्र्याचा डबा आणला होता. चाकं ओतीव धातूची, त्यावर केसासारख्या भेगा. मला वाटलं, भेगांत डिंक भरू, घट्ट होईल. भरला, आणि आस बसवायला जरा दाबलं तर चाक बिस्किटासारखं हातात चुरलं. त्यांचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. जस्ताच्या त्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की तो आतूनच फुगतो, भेगाळतो, आणि त्याला उपाय नाही. तेव्हापासून असं चाक दिसलं की त्याचं माप घ्यायचं, ते कापसात गुंडाळून तसंच ठेवायचं आणि डब्याला नवं चाक द्यायचं. पत्र्यावरचा छापील रंगही घासायचा नाही. ओला बोळा, कोरडा बोळा, थोडं मेण, बस.

चाकं. इथं मी तुला जास्त वेळ बसवणार आहे. खऱ्या डब्याचं नवं चाक ९१५ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे एचओत साडेदहा. त्या ओओच्या डब्याची चाकं चौदाची आहेत, ती इकडे वापरलीस तर डबा टाचा उंचावल्यासारखा उभा राहील. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण साडेचौदा मिलिमीटर हवं. ते कमी पडलं की डबा रूळ बदलतात त्या सांध्यांवर उडतो, जास्त झालं की सांध्यात अडतो. दर वेळी पट्टी लावण्यापेक्षा पितळेचा एक तुकडा बरोबर तेवढा कानसून घे आणि तोच दोन चाकांमध्ये घालून बघत जा. माझा तुकडा खणात आहे, घासून घासून त्याच्या कडा गोल झाल्यात, तू नवा कर.

आसाची टोकं सुईसारखी असतात आणि बोगीच्या खळग्यात टेकतात. तिथं तेल घालू नकोस. गुलमंडीची धूळ त्यात बसते आणि महिन्याभरात लापशी होते. शिसपेन्सिलीचं टोक कागदावर घासून काळी भुकटी कर आणि ती काडीनं खळग्यात लाव. मग फिरव. चाक आपोआप थांबताना शेवटी एकदा मागे-पुढे डोललं तर ते मोकळं आहे. नुसतं थांबलं तर कुठंतरी घासतंय.

आता सर्वांत महत्त्वाचं. दोन्ही बोग्या सारख्याच पद्धतीनं घट्ट बसवायच्या नाहीत. स्वयंपाकघरातलं तीन पायांचं स्टूल कुठल्याही फरशीवर डगमगत नाही, चार पायांचं डगमगतं. म्हणून एका टोकाची बोगी अशी बसव की ती वळेल, पुढे-मागे झुकेल, पण डावी-उजवीकडे कलणार नाही. दुसऱ्या टोकाची बोगी सगळीकडे हलेल. म्हणजे डबा तीन ठिकाणी टेकतो आणि रूळ थोडे वरखाली असले तरी आठही चाकं रुळावर राहतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सात-आठ महिने माझा एक डबा त्याच वळणावर उतरत होता आणि मी वळण पुन्हा पुन्हा उखडून बसवत होतो. चूक वळणात नव्हती, एका बोगीचा स्क्रू पूर्ण आवळलेला होता. अर्धा फेरा सैल केला आणि त्या दिवसापासून तो उतरला नाही.

वजनाचाही नियम आहे. अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या संघटनेचं एचओसाठीचं माप असं: सुरुवातीला एक औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. आपला डबा साडेनऊ इंचांच्या थोडा वर, म्हणजे सगळं मिळून १६५ ग्रॅम. सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवून बघ, ते हसून करून देतील. वजन खाली, फरशीला लागून, आणि दोन बोग्यांच्या मधे सारखं वाटून. शिशाचे छर्रे पांढऱ्या डिंकात घालायची चूक करू नकोस. पांढऱ्या डिंकातून सुटणाऱ्या आम्लानं शिसं हळूहळू फुगतं आणि काही वर्षांनी फरशी फोडून बाहेर येतं. लोखंडी पट्टी किंवा नट घे आणि दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीनं बसव. जुन्या डब्यात शिसं निघालं तर हात साबणानं धुतल्याशिवाय काही खाऊ नकोस.

वाकलेलं छत सरळ करायला घाई नको. काचेच्या जाड तुकड्यावर छत ठेव, दोन्ही कडांना लाकडी पट्ट्या लावून रबरबँडनं बांध आणि हाताला सोसेल त्याहून थोड्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडव. मग बांधलेलंच थंड होऊ दे. एकदा पुरत नाही, तीन-चार दिवस रोज थोडं थोडं कर. पुन्हा वाकू नये म्हणून आतून दोन आडव्या पट्ट्या चिकटव. आणि डबे कधीही गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवू नकोस, आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं प्लॅस्टिक उभं राहत नाही.

पेटीच्या चार भिंती जोडताना गुण्या लावल्याशिवाय एकही सांधा करू नकोस. दोन भिंती काटकोनात धर, बारीक ब्रशवर द्रव सिमेंटचा थेंब घे आणि आतल्या बाजूनं फटीला नुसता टेकव. फट तो स्वतःच पिऊन घेते. बाहेरून लावलंस तर बोटाखाली पसरतो आणि तुझ्या बोटाचा ठसा कायमचा डब्यावर उठतो. खिडक्यांच्या काचांना मात्र हे नाही, आणि झटपट डिंक तर मुळीच नाही. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरं धुकं बसतं. दुसऱ्या डब्यावर तेच झालंय. काचेला साधा फेव्हिकॉल, टाचणीच्या टोकानं, कडेकडेनं. वाळला की पारदर्शक होतो आणि चुकलं तर पाण्यानं निघतो.

परदेशी किटमध्ये एक गोष्ट कधीच मिळणार नाही: खिडकीचे गज. आपल्या स्लीपरला आणि जनरलला आडवे गज असतात, आणि तेच नसले तर कितीही चांगला रंग दिलास तरी तो डबा आपला वाटत नाही. लहानपणी त्याच गजांना नाक लावून मनमाडपर्यंतची स्टेशनं मोजलेली माणसं आहोत आपण. ते कसे करायचे ते बघ. विजेच्या लवचीक वायरीतली तांब्याची एकच बारीक तार सोडव. तिला वळसे असतात. एक टोक पकडीत आवळ, दुसरं चिमट्यात धरून हलकेच ओढ. क्षणभर ती लांबल्यासारखी वाटते आणि एकदम ताठ होते. मग काचेच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून लाट, शेवई लाटल्यासारखी. एक जाड कागद घेऊन त्यावर गजांच्या अंतराच्या रेषा काढ, सगळ्या खिडक्यांना तोच कागद वापर. तारा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर लांब कापून आतून चिकटव, म्हणजे टोकं दिसत नाहीत. एका खिडकीला पंधरा मिनिटं लागतात, एका दिवसात सहा खिडक्यांच्या पुढे जाऊ नकोस, सातवीला हात थरथरायला लागतो. आणि आपत्कालीन खिडकीला गज लावू नकोस, तिथून माणसं बाहेर पडायची असतात. काच मात्र गज लावून, रंग देऊन झाल्यावर सर्वांत शेवटी.

पितळेच्या कोरीव पत्र्याचं किट कधी हातात आलं तर घाबरू नकोस. मला ते सराफ्यातल्या एका कारागिरानं शिकवलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, जिथं चमकत नाही तिथं डाख धरत नाही. म्हणून काचतंतूच्या ब्रशनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं जागा आधी उजळायची. मात्र सोनाराचा टाकणखार इथं चालत नाही, तो मोठ्या आचेच्या झाळेसाठी असतो. कथील-शिशाचा डाख १९० अंशांच्या आतच वितळतो, त्याला आम्लाचं फ्लक्स लागतं. काम झालं की त्याच दिवशी पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवायचं, नाहीतर आठवड्यात पितळ हिरवं पडतं. आणि पितळेच्या दोन्ही बोग्या पेटीच्या पितळेतून विजेचा मार्ग जोडणार नाहीत ना ते बघ, नाहीतर रुळात शॉर्ट होईल.

आता रंग. आपल्या हवेत फवाऱ्याला दोनच महिने खरे, दसऱ्यानंतरचे. पावसाळ्यात हवेतला ओलावा रंगात अडकतो आणि दुधासारखी छटा येते. एप्रिल-मेमध्ये रंग डब्यापर्यंत पोचायच्या आधीच हवेत सुकतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो. सकाळी सहाला उठ, सुपारी हनुमानाच्या देवळाची घंटा वाजायच्या आणि बाजाराची शटरं उघडायच्या आत. गच्चीवरच्या खोलीत आधी पाण्याचा सडा टाक, धूळ खाली बसते. डबा हातात न धरता आतून लाकडी ठोकळ्यावर बसव. पातळ प्रायमर, एक दिवस थांब, बोटानं चाचप, पाण्याच्या पॉलिश पेपरनं हलकं घास. मग फिकट रंग आधी आणि गडद नंतर. मास्किंग टेप लावलीस की तिच्या कडेवरून पहिल्यांदा खालच्याच रंगाचा एक हात फिरव. रंग टेपखाली शिरला तरी तो तोच असतो, आणि वरचा रंग मग शिरायला जागा राहत नाही. टेप रंग पूर्ण वाळायच्या आत, तिरकी आणि डब्याला लागून ओढून काढ.

खऱ्या डब्याची नेमकी छटा मिळाली तरी ती तशीच लावू नकोस. लहान वस्तूवर रंग गडद दिसतो. दहा थेंबांना एक थेंब पांढरा घाल आणि सावलीत धरून पाहा.

बारीक सोनेरी रेघांसाठी माझं रूलिंग पेन आहे, जुन्या नकाशावाल्यांचं. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, तेव्हा तिच्या सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी आणि लाल पट्ट्यांची, दुसरी निळी आणि सोनेरी रेघांची. सांगाडे इंग्लंडात झाले, पण वरच्या पेट्या माटुंग्याच्या कारखान्यात, आपल्या माणसांच्या हातून. त्या निळ्या गाडीचा एक डबा करायचा माझा फार मानस होता, रेघेला हात स्थिर लागतो तो आता राहिला नाही. तू करशील तेव्हा रंग दुधाच्या सायीइतका दाट ठेव, पेन उभं धर, आणि रेघ एका दमात ओढ. मधे थांबलीस की तिथं थेंब बसतो.

अक्षरं हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय. डब्यावरची देवनागरी पूर्वी रंगारी हातानं काढत. संगणकावरचा कुठलाही टाइप छापून चिकटवलास तर ती अक्षरं लगेच उपरी दिसतात. जुन्या डब्याचा फोटो मोठा कर, त्यावर पारदर्शक कागद ठेवून अक्षरांची वळणं काढ आणि मग ते लहान करून छापून घे. आयसीएफच्या डब्याच्या क्रमांकात पहिले दोन आकडे बांधणीच्या वर्षाचे असतात. ७८ पासून सुरू होणारा क्रमांक टाकून त्या डब्याला २००० नंतरची निळी रंगसंगती दिलीस तर ते चूक नाही, डबे तेवढे टिकायचे. उलट क्रमांक ९६ चा आणि डबा व्हॅक्यूम ब्रेकच्या काळातला दाखवलास तर जाणकार थांबून विचारेल. चिकटवायची अक्षरं चकाकणाऱ्या वार्निशवरच बसव, खरखरीत रंगावर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी कड दिसते. बसली की वरून निस्तेज वार्निश.

जमलं तर एकदा कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून ये. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जमवलेलं आणि बांधलेलं सगळं १ एप्रिल १९९८ पासून तिथं लोकांसाठी खुलं आहे. गाड्या धावताना सगळे इंजिनाकडे बघतात. तू वळणावर उभी राहा आणि दोन डब्यांच्या मधली जागा बघ. आपल्या लांब डब्यांचा खरा त्रास तिथं असतो. घट्ट वळणावर डब्याचं टोक बाहेर जातं, पोट आत येतं, बफर एकमेकांत अडकतात. आपल्या माडीवर जागा कमी आहे म्हणून तू अठरा इंची त्रिज्येचं वळण घ्यायला बघशील. चोवीसच्या खाली जाऊ नकोस. जागा नसेल तर गोल न करता भिंतीलगत सरळ रूळ टाक आणि स्टेशन कर.

आणि स्टेशन केलंस तर आपलं कर. तुला आठवणार नाही, पण नव्वदच्या दशकात रुंदीकरण होईपर्यंत इथून मीटर गेज जायची. निझामाच्या काळात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेनं टाकलेली ती लाइन. अजिंठा एक्स्प्रेस तिच्यावरून धावायची आणि मुंबईला जायचं तर मनमाडला सामान डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीत बदलायचं. त्या मीटर गेजच्या डब्याचं किट मला कधी दुकानात दिसलं नाही. म्हणून मी तो कार्डाचा केला. कपाटात वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहे तोच. त्याचे रूळ बारा मिलिमीटरचे लागतात.

कार्डाला कुणी कमी लेखलं तर ऐकू नकोस. हार्डवेअरच्या दुकानातून चपडी आण आणि स्पिरिटात विरघळव, त्याला रात्र लागते. जाड ड्रॉइंग शीटच्या भिंती कापल्या की दोन्ही बाजूंनी आणि कडांना तिचे दोन हात दे. वाळल्यावर कडा कानशीनं घासता येतात, लाकडासारख्या. खिडक्या मात्र चपडी द्यायच्या आधी कापायच्या, नवीन पात्यानं, आधी कोपरे टोचून मग सरळ बाजू. एकेका खिडकीला नवं टोक लागलं तरी काटकसर करू नकोस. माझ्या त्या डब्याला तीस वर्षं झाली, इतके पावसाळे गेले, भिंती फुगल्या नाहीत. मागच्या बाजूची डावीकडून तिसरी खिडकी तिरपी आहे. तिथं मी बोथट पातं वापरलं होतं.

तो चौथा डबा, न बांधलेला, तो शेवटी घे. आधी तिसऱ्याला दुसरी बोगी बसव. भिंतीशी मी एक फळी उभी केलीय, तिच्यावर मीटरभर रूळ ठोकलेले आहेत. एक टोक दोन बोटं उचललं की डबा आपणहून सुटला पाहिजे आणि शेवटपर्यंत न अडखळता गेला पाहिजे. खाली उशी ठेव. सुटला नाही तर मला हाक मार, मी खालच्याच खोलीत आहे, आणि मधल्या वेळात त्याच्या छताला हात लावू नकोस.